नकाशेबाईंचा मार्ग

धक्क्याजवळच्या नकाशांच्या दुकानात ज्या बाई बसायच्या, त्यांना सगळे नकाशेबाईच म्हणत. मालकाचे गुडघे गेले तेव्हापासून दुकान त्यांच्याच हातात होतं. नदीचे, कालव्यांचे आणि किनाऱ्याचे नकाशे रुंद, उथळ खणांत सपाट ठेवलेले असत. भिंतीला लागून मार्गदर्शक पुस्तकांची कपाटं होती. टपालाने दुरुस्तीपत्रकं आली की कुठला तरंगता बोया हलला, कुठला दिवा बंद पडला ते बारीक टाकाने, जांभळ्या शाईत नकाशावर उतरवायचं, हे त्यांचं सकाळचं काम. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

हिवाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एक तिशी-पस्तिशीची बाई दुकानात आली. रुंद खांदे, आखूड कापलेले केस, अंगाला तरणतलावाच्या औषधाचा वास. पोहायला शिकवते म्हणाली. लांबचा प्रवास करायचा होता, बोटीने. नदीतून वर, मग कालव्यांनी डोंगराच्या पलीकडे, तिथून समुद्राला लागायचं आणि किनारा धरून परत घरी. कुठले नकाशे घ्यावेत, कुठली पुस्तकं घ्यावीत, तिला काही कळत नव्हतं, आणि ते तिने मोकळेपणाने सांगून टाकलं.

बाईंना अशी गिऱ्हाइकं आवडत. त्यांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि मुक्काम कुठे कुठे करणार ते विचारलं. मास्तरीण बोटाने दाखवत गेली. पहिला मुक्काम जुन्या गिरणीच्या धक्क्याला. मग पूल टाळून डावीकडचा फाटा. मग ते तळं, जिथे दोन दिवस नुसतंच पडून राहायचं.

तळ्यापाशी बाईंच्या हातातली पट्टी थांबली. डावीकडच्या फाट्याने कुणी जात नाही. तो लांबचा पडतो. तिथून जायचं ते फक्त काठावरच्या नासपतीच्या बागांसाठी, आणि हे ज्या माणसाला सुचलं होतं तो माणूस म्हणजे त्या स्वतः.

"बोटीचा तळ पाण्यात किती जातो?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

मास्तरणीने सांगितलं. पुलांखालून जाताना डोलकाठी आडवी करता येते हेही सांगितलं. बोट 'आमच्या ह्यांनी' स्वतःच्या हाताने बांधलीय, असं जरा अभिमानाने म्हणाली. आणि मार्गही त्यानेच आखलाय, कितीतरी वर्षांपासून डोक्यात होता म्हणे त्याच्या.

बाईंनी पट्टी खाली ठेवली.

त्यांचा नवरा बोटीचा सुतार होता. लेक पाळण्यात होती तेव्हा दोघांनी मागच्या शेडमध्ये बोट बांधायला घेतली, आणि लेक कॉलेजात गेली तेव्हा ती पाण्यात उतरली. फळ्या त्याने जोडल्या हे खरं. पण त्या फळ्या घासून घासून बाईंच्या बोटांचे ठसे गेले होते, शिडं त्यांनी शिवली होती, आणि जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तकं उघडून हा मार्ग त्यांनीच बांधला होता, एकेक मुक्काम करून. सुतार त्या वेळी पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "पाण्यावर गेल्यावर बघू." वाचायचा त्याला मनस्वी कंटाळा. बोट पाण्यात उतरली त्याच मोसमात तो घरातून उतरला. घटस्फोटात घर बाईंना मिळालं, बोट त्याला, कारण कागदावर नाव त्याचंच होतं. नोंदणीच्या दिवशी बाईंना दुकानातून सुटी मिळाली नव्हती, तो एकटाच जाऊन आला होता. थोरली बहीण म्हणाली, जाऊ दे, एक लाकडाचा खोका गेला. बाईंनी मान हलवली. आत मात्र निखारा तसाच राहिला, आणि त्यांनी तो जपला.

आता त्याची ही नवी बायको समोर उभी होती आणि विचारत होती, ह्यातलं कुठलं घेऊ?

बाई खालच्या खणाशी वाकल्या. तिथे रद्द झालेले जुने नकाशे होते, अजून फाडून टाकायचे राहिलेले. डोंगरापलीकडच्या नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकून भर वाटेत आला होता, आणि जुन्या नकाशात त्या जागी खोल पाणी होतं. एक नकाशा बदलला की पुरे. त्यांनी तो बाहेर काढलाही. मग त्यांच्या मनात आलं, की पोहणारी ही आहे, त्याला धड हात मारता येत नाहीत. बुडेल तो एकटाच. हा विचार त्यांना इतका गोड वाटला की त्यांची त्यांनाच भीती वाटली. त्यांनी नकाशा आत सारला आणि खण पायाने लोटून बंद केला.

नवा, दुरुस्त केलेला नकाशाच त्यांनी वर आणला. किनाऱ्याचेही सगळे नवे दिले. पुस्तकं निवडताना तर त्यांनी जीव ओतला. नदीसाठी एका निवृत्त नावाड्याचं, कारण तो धक्क्यांची खरी लांबी देतो. कालव्यांसाठी दोन होती. त्यातलं रंगीत फोटोंचं दिसायला छान, पण लिहिणारा बोटीत कमी आणि खाणावळीत जास्त बसलेला. ते बाजूला केलं. किनाऱ्यासाठी दोन खंड, कुठल्या वाऱ्यात कुठला आडोसा ते सांगणारे. वर भरती-ओहोटीचं कोष्टक. मास्तरीण प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच शहाण्यासारखे प्रश्न विचारत होती. ती जर मूर्ख असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाईंच्या पाठीमागे भिंतीवर एक सूचना टाचलेली होती. कालव्याचं मधलं जलद्वार, बोटी पलीकडे सोडणारा दरवाजा, येत्या वसंतात दुरुस्तीला बंद होणार, आणि त्यानंतर खालच्या टप्प्यातलं पाणीही काढून टाकणार. काम उन्हाळा निम्मा सरेपर्यंत चालायचं होतं. जो त्या वेळी मध्ये सापडेल, तो मध्येच राहील.

गठ्ठा बांधून झाल्यावर मास्तरणीने विचारलं, "अजून काही माहीत असायला हवं का?"

बाई सूचनेच्या पुढ्यात उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळं ह्यात आहे."

ती गेल्यावर त्यांनी सूचना काढून टेबलाच्या खणात टाकली, आणि मालकाने विचारल्यावर फाटली म्हणून सांगितलं. पुढे बोट निघून गेल्याचं कळलं तेव्हा सूचना पुन्हा होती तिथे लावली.

मधल्या जलद्वाराची राखणदारीण बाईंच्या ओळखीची होती. पुस्तकांच्या निमित्ताने दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं. तिनेच एक दिवस हसत सांगितलं, की एक शहाणा इथे येऊन अडकलाय. खालच्या दरवाजावरच्या माणसाने त्याला बजावलं होतं, पुढे जाऊ नका, बंद होणार आहे. तर हा म्हणाला, असली कामं कधी वेळेवर सुरू झालीत का? आणि काम ह्या वेळी नेमकं वेळेवर सुरू झालं. पुढे दरवाजा बंद, मागे चिखल, मध्ये तळ्याएवढं पाणी आणि शेजारी कातडी कमावायचा कारखाना.

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवल्या. बहिणीला सांगितलं तेव्हा तीही आधी खूप हसली. मग म्हणाली, "झालं ना आता? पुरे कर." पण बाईंना पुरे झालं नव्हतं. त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी सुटी घेतली आणि बसने गेल्या.

काठावरून त्यांना आधी बोट दिसली. मग पाण्यात मुलं दिसली. मास्तरीण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना पोहायला शिकवत होती. काठावर त्यांच्या आया बसल्या होत्या, कुणी भाजी आणलेली, कुणी अंडी. बाईंनी मनात रंगवलेलं चित्र हे नव्हे. सुतार मात्र अगदी मनासारखा होता. बोटीच्या टपावर, दाढी वाढलेला, दरवाजाकडे तोंड करून बसलेला, जणू बघत राहिल्याने तो उघडणार होता.

मास्तरणीने बाईंना ओळखलं. ती पाण्यातून बाहेर आली, अंग न पुसताच.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तुम्ही काही नाही. हा मार्ग मी आखलाय. त्या बोटीची शिडं मी शिवलीत. विचारा त्याला."

सुतार टपावरून उठला होता, पण जवळ आला नाही. मास्तरणीने त्याच्याकडे वळून बघितलं. त्याने हात झटकल्यासारखे केले आणि म्हणाला की हिला वाचायची हौस होती, बोट शेवटी बांधली मीच. मास्तरीण बाईंना म्हणाली, "मला तुम्ही फसवलंत, हे मी विसरणार नाही. त्याचं काय करायचं ते मी बघते." आणि पुन्हा मुलांकडे गेली.

परतीच्या बसमध्ये बाईंना तिचा तो प्रश्न बोचत राहिला. सुताराचा चेहरा आठवला की मात्र त्यांना अजूनही थंडगार, स्वच्छ आनंद व्हायचा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात, हे त्यांना नवीन होतं.

उन्हाळा निम्मा सरला आणि राखणदारणीचा पुन्हा फोन आला. दरवाजे उघडायच्या आदल्या दिवशी त्या दोघांचं वाजलं होतं. सुतार तावातावाने म्हणाला, एवढं येतंय तर तूच ने बोट, आणि पिशवी घेऊन काठावर उतरला. ती समजूत काढायला येईल अशी त्याची अटकळ असावी. सकाळी दरवाजे उघडले, आणि ती कारखान्यातल्या एका बाईला सोबत घेऊन सरळ पलीकडे निघून गेली. पुस्तक उघडून सुकाणूपाशी ठेवलं होतं, असं राखणदारीण म्हणाली.

आठवड्याभराने सुतार दुकानात आला. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. मालक आत चहा घेत होता. सुतार नकाशांकडे न बघता बाईंकडेच बघत होता.

"ती फोन उचलत नाही," तो म्हणाला. "किनाऱ्याला लागली असेल एव्हाना. कुठल्या बंदरात थांबेल, तेवढं सांग. मी तिथे जाऊन बोट ताब्यात घेतो."

बाईंना मुक्काम न मुक्काम तोंडपाठ होता. समुद्राला लागल्यावर पहिलं मोठं बंदर सोडायचं, कारण तिथे लाटा आत येतात. त्यापुढच्या मासेमारीच्या खाडीत, दीपगृहाच्या मागे, वारा बदलेपर्यंत थांबायचं. मास्तरीण ह्या घटकेला तिथेच असणार.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मार्ग तर तू आखलास."

तो जुन्या सवयीने आवाज मऊ करून म्हणाला, "अगं, झालं गेलं. सांग ना."

"पुस्तकं आहेत. त्यात सगळं आहे. वाच."

बाईंनी साऱ्या किनाऱ्यांची होती नव्हती तेवढी पुस्तकं काढून त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः दुरुस्तीपत्रक घेऊन बसल्या. तो चष्म्यासाठी खिसे चाचपत राहिला, मग पुस्तक लांब धरून पानं उलटू लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. बाई त्यांच्याशी हसून बोलल्या. शेवटी त्याने एक जाड पुस्तक उचललं, वरच्या चित्रातलं दीपगृह ओळखीचं वाटलं म्हणून असेल. ते भलत्याच समुद्राचं होतं. ह्या किनाऱ्याचा त्यात एक दगडही नव्हता.

बाईंनी ते त्याला कागदात नीट गुंडाळून दिलं, कोपरे दुमडून, दोरा बांधून.

तो त्या पुस्तकाच्या भरवशावर किती बंदरं हिंडला ते कुणाला ठाऊक. मास्तरीण हिवाळ्याच्या तोंडाशी परतली, बोट धक्क्याला बांधली, किल्ली बंदराच्या कचेरीत त्याच्या नावाने ठेवली आणि दुकानावरून चालत गेली. आत आली नाही. बाई खिडकीतून तिच्याकडे बघत होत्या. तिनेही बघितलं, मान हलवली नाही, हसली नाही. बाईंना ते रास्त वाटलं. तिच्या पिशवीतून नकाशांची गुंडाळी डोकावत होती, उन्हाने पिवळी पडलेली, कडा मिठाने फुगलेल्या. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई उभ्या राहिल्या, आणि मग आत जाऊन त्यांनी जांभळ्या शाईची दौत उघडली.