दुसऱ्या पडद्याला कुंकू

नवऱ्याने घरच्या कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडला. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून मी करंडा घेऊन खोलीत गेले. जुन्या मॉनिटरचा पडदा दाराकडे तोंड करून असतो. नवा मात्र त्याने खिडकीकडे वळवून ठेवला होता. मला पाहताच त्याने जुन्यावरचं काहीतरी माउसने ओढून नव्यावर सरकवलं.

"ऑफिसचं आहे," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

वळसा घालून मी पलीकडे गेले, तोवर नव्या पडद्यावर नुसतं निळ्या आकाशाचं चित्र उरलं होतं. मी त्याच्या चौकटीला कुंकवाचं बोट टेकवलं. माउसचा बाण एका पडद्याच्या कडेला नाहीसा होऊन दुसऱ्यावर निघत होता. मनात आलं, हा दुसरा पडदा आजच आलाय, की इतकी वर्षं मी दाराकडचाच तेवढा बघत आले?

"कसला एवढा विचार करतेस?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी भाजी काय करू, त्याचा," मी म्हटलं, आणि करंड्याचं झाकण लावलं.

त्याने मान डोलावली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.