ग्राउंड क्लिअरन्स किती टक्के?

कापडाच्या दुकानात सव्वीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला ‘क्लिअरन्स’ म्हटल्यावर काय आठवणार? उरलेला माल, लाल पाटी आणि चाळीस टक्के सूट. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या यार्डात सेल्समन जिभेवर साखर घोळवत म्हणाला, “मॅडम, हिचा ग्राउंड क्लिअरन्स बघा, एकदम जबरदस्त!” तेव्हा वहिनींनी सरळ विचारलं, “किती टक्के? आणि वरच्या मजल्यावर नाही का?”

सेल्समन हसला नाही, त्याला गाडी विकायची होती. हसले ते भावोजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. पोट धरून, गाडीच्या बॉनेटवर थापा मारत हसले. “अहो वहिनी, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, ते विचारायचं असतं! बेसिक गोष्ट आहे!”

हे भावोजी दिवसभर ऑफिसातले प्रिंटर दुरुस्त करायचे, पण गाडीवर बोलायला लागले की चाकाचा शोध यांच्याच आजोबांनी लावला असावा असं वाटायचं. घ्यायची होती एक जुनी व्हॅन, दोन्ही घरांची, अर्धी-अर्धी. सुट्टीला तळ्याकाठी, टेकडीवर जायचं, गाडीतच झोपायचं, असा बेत. निवडणार मात्र भावोजी, कारण वहिनींना काय कळतंय!

त्या दिवसापासून वहिनींचं नाव पडलं ‘टक्के वहिनी’. कुणाकडे जेवायला जा, कुणाच्या वाढदिवसाला जा, भावोजी कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, बारीक आवाजात सुरू: “किती टक्केऽऽ?” लोक खदखदायचे. एकदा तर वहिनींच्या सख्ख्या नवऱ्याच्या नाकातून चहा आला. वहिनींनी निमूटपणे त्यांना रुमाल दिला आणि मनात गाठ मारली. आता व्हॅन येईल ती माझ्या पसंतीची. आणि ती पसंती जाहीर करतील भावोजी, स्वतःच्या तोंडाने, चार माणसांसमोर.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन बसल्या. मग रोजच. रोज एक प्रश्न. तोही खुलला.

“बाई, जाहिरातीतला आकडा सोडा. गाडीखाली आडवं व्हायचं. जे सगळ्यात खाली लोंबतंय ना, तिथून जमीन मोजायची. तेच खरं.”

“आणि ते चारी चाकं ओढणारं प्रकरण?”

“चिखलात घालायची आहे का? नाही ना? दगडी वाट आणि गवत एवढंच असेल तर दोन चाकं ओढणारी चालेल. पोट उंच हवं आणि टायरला दात हवेत. म्हाताऱ्या टायरला घेऊन डोंगर चढू नये.”

तीन आठवड्यांनी, रविवारी, दोन्ही जोडपी पुन्हा यार्डात. वहिनींच्या पर्समध्ये दुकानातला टेप.

भावोजींचं प्रेम एका लाल व्हॅनवर बसलं होतं. अंगभर डोंगरांची स्टिकर्स, टपावर चार दिवे, आत बेसिन, नळ, दोघांचा बेड. वहिनींनी एकदाच वाकून गाडीखाली पाहिलं आणि इतक्या गोड हसल्या की त्यांची जाऊबाई, म्हणजे भावोजींची बायको, सावध झाली. हे हसू तिने ओळखलं होतं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वहिनी ते राखून ठेवत.

“भावोजी, मला अडाणीला जरा नीट सांगा ना. लिहून घेते.”

झालं! भावोजींचा नळ सुटला. टॉर्क सांगितला, सस्पेन्शन सांगितलं, मधेच “बेसिक आहे, वहिनी” पाच वेळा सांगितलं. वहिनी मान डोलावत वहीत लिहीत राहिल्या.

“म्हणजे दगडांवर ही घासणारच नाही?”

“घासली तर नाव बदलीन!”

“नवीन काय ठेवायचं, ते आत्ताच ठरवा,” जाऊबाई पुटपुटली.

यार्डाच्या मागे पाडलेल्या भिंतीचा राडारोडा पसरला होता. “मग चालवूनच दाखवा की,” वहिनी म्हणाल्या. भावोजी ऐटीत निघाले. दहा पावलांवर आवाज आला: खर्रर्रर्र! दात शिवशिवले सगळ्यांचे.

वहिनी नव्या कपड्यांनिशी दगडांवर आडव्या झाल्या. टेप सुर्रकन आत. “साडेपाच इंच,” खालून आवाज आला, काउंटरवरून मापं ओरडून सांगायचा तोच. “बेसिनच्या पाण्याची टाकी मागून बसवलीय, ती लोंबतेय. गाडीचं पोट उंच आहे हो, टाकीने ते खाल्लं.”

सेल्समनला एकाएकी आकाशातले ढग फार आवडू लागले.

“आता बेडवर झोपा, भावोजी.”

“कशाला?”

“झोपा तर.”

भावोजी झोपले. डोकं बेसिनला टेकलं आणि दोन्ही पाय घोट्यापासून दाराबाहेर.

“हा बेड लांबीला सव्वापाच फूट,” वहिनी टेप न लावता म्हणाल्या. आणि मग कमरेवर हात ठेवून, हुबेहूब भावोजींच्या जाड आवाजात: “बेसिक गोष्ट आहे!”

नवऱ्याला हसू फुटलं. वहिनी गर्रकन वळल्या. “तुम्ही हसू नका. तुमचा नंबर यायचाय.”

शेजारीच एक राखाडी व्हॅन उभी होती, धुण्याचे गठ्ठे वाहणारी वाटावी अशी नीरस. पोटाखाली नऊ इंच, टायर दातेरी, आत नुसती लांबलचक मोकळी जागा. तीही भावोजींनाच चालवायला लावली. दगडांवरून गेली, आली, चकार शब्द नाही.

“मग, भावोजी? कुठली घ्यायची?”

“...राखाडी.”

“जरा मोठ्याने. सेल्समनदादा लांब उभे आहेत.”

“राखाडी! वहिनी म्हणतात ती!”

वहिनींना वाटलं होतं, हे ऐकलं की काळीज थंड होईल. झालं, पण अर्धंच. तेवढ्यात जाऊबाई त्यांना खेटून उभी राहिली. चौदा वर्षं “बेसिक आहे” ऐकलेली बाई ती.

“ताई, पहिली सहल माझ्या माहेरी काढू या. शेवटची वाट नुसती दगडांची आहे. आणि आमच्या बाबांना कुठलीही गोष्ट अगदी पहिल्यापासून ऐकायला आवडते.”

“अगं, त्यांना कशाला उगाच...” भावोजी घाईने म्हणाले.

वहिनींनी पुढचं दार उघडलं, सीट मागेपुढे करून बघितली आणि जाऊबाईला शेजारची जागा दाखवली.

“भावोजी, तुम्ही मागे बसा. मागे बोललेलं पुढे ऐकू येत नाही म्हणे.”