चित्र आलं का?

"वहिनी, जयभीम. मी प्रशांत, मीनाताईचा भाऊ, नागपूरहून..." एवढं बोलून तो थांबला आणि सिंगापूरच्या वुडलँड्स स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्याच मला पुढचं कळलं. मीना दोन आठवड्यांच्या रजेवर वडिलांकडे गेली होती. सकाळी चहा घेताना तिलाच हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. समोरून दोन गाड्या निघून गेल्या, मी चढलेच नाही. त्याला आज सात आठवडे झाले.

आमच्याच ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर ती एकटी राहायची. सिंगापूरला येण्याआधी ती ब्रिटनमध्ये टीव्ही प्रक्षेपणाच्या कामात होती. तिकडे जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण एकेका भागात बंद करून डिजिटल सुरू करत होते, त्या काळात ही पोरगी गाडीवर उंच दांडा लावून वेल्सच्या डोंगराळ गावांतून सिग्नल मोजत फिरायची. "जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण त्यातून माणूस निदान दिसायचा," ती सांगायची. "डिजिटलचं तसं नाही. आलं तर लख्ख, नाही तर काहीच नाही."

तिथली एक गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. बदलाच्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला, आईची तब्येत बिघडलीय. मीनानं रजा मागितलीच नाही. "एवढं उरकते आणि येते," म्हणाली. चौथ्या दिवशी ती एका दरीतल्या म्हाताऱ्या बाईंच्या छपरावर होती. बाईंचा टीव्ही दोन दिवस काळा पडला होता. अँटेना डोंगरापलीकडच्या मोठ्या प्रक्षेपण मनोऱ्याकडे रोखलेली होती, मीनानं ती दरीतल्या छोट्या मनोऱ्याकडे वळवली, तिच्या आडव्या काड्या उभ्या केल्या आणि वरून ओरडली, "चित्र आलं का?" खालून आनंदानं हाक आली. त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. आई गेली होती.

"शिडीवरून कशी उतरले आठवत नाही गं... बाईंनी टीव्ही बंद केला, चहा केला आणि माझा हात धरून बसल्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्या वेळी कुठलीच येत नव्हती."

त्यानंतर तिनं इकडची नोकरी शोधली. का, तर घर जवळ. थोड्या थोड्या महिन्यांनी वडिलांना भेटायला जायची. तरी कधी कधी माझ्याकडे भाजी निवडता निवडता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आईचा आवाज आठवून बघते, येत नाही."  

इथेही अ‍ॅनालॉग बंद झालं तेव्हा आमच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची तारांबळ उडाली. मीना शनिवारी पिशवीत वायर घेऊन दारोदार फिरली. माझा मुलगा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणालासुद्धा, "मावशी, यू नो नीड लाह, दे ऑल गॉट चिल्ड्रन." ती नुसती हसली आणि त्यालाच शिडी धरायला घेऊन गेली.

परवा सातव्या मजल्यावरचे अंकल लिम दाराशी आले. साफसफाईत त्यांच्या टीव्हीची अँटेना हलली होती. "मीना नॉट होम, आह? लाँग टाइम नेव्हर सी," त्यांनी विचारलं. मी त्यांच्याबरोबर खाली गेले. मला त्यातलं काही कळत नाही. पण खिडकीच्या चौकटीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता, त्यावर निळ्या पेनानं बाण काढलेला आणि शेजारी, तिच्या गोल अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं: 'इथे ठेवा, अंकल.' कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी अँटेना तिथे ठेवली आणि पडद्यावर बातम्या सुरू झाल्या. मग मी त्यांना सांगितलं.

अंकल खिडकीपाशी गेले. मग त्यांनी चिकटपट्टीचा उठलेला एक कोपरा अंगठ्यानं हलकेच दाबून परत चिकटवला.