उतारावरचा दगड

श्रीनिवासराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि बरेचदा तिथेही नसतात. म्हणजे देहानं असतात. नकाशांच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं नद्या-डोंगर गिरवून निवृत्त झालेला माणूस. चहाचा कप हातात घेतला की त्यांची तंद्री लागते आणि चहावर साय धरते. आमच्या कसबा पेठेत हे सहज खपून जातं. पलीकडच्या तांबट आळीतून दिवसभर हातोड्यांचा ठेका येतो, त्यावर कुणालाही डुलकी लागावी. मला लागत नाही. शाळेत चाळीस वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं, आता खिडकीतून पार्किंगवर ठेवते.

त्यांची गाडी पांढरी, लहानशी, बावीस वर्षांची. दर शनिवारी संध्याकाळी ते आणि पद्मजावहिनी तळजाईच्या टेकडीकडे जात. चढावर कडेला गाडी लावायची, खारे दाणे खायचे आणि खाली शहरात एकेक दिवा लागताना बघत बसायचं. बोलणं फारसं नाही. वहिनी म्हणायच्या, "आठवड्यात तेवढा एक तास हे माझ्याबरोबर असतात."

अडचण एकच होती. हँडब्रेक पहिल्यापासूनच धरत नसे. गिअरमध्ये ठेवली तरी गाडी वीतभर मागं सरायचीच. म्हणून श्रीनिवासराव पाय ब्रेकवर दाबून बसायचे आणि वहिनी उतरून, उकिडव्या बसून मागच्या चाकाखाली दगड लावायच्या. निघताना तो काढायचा. काळा, चपटा दगड. तो वहिनींच्या पायाशी कापडी पिशवीत असायचा. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आणि दगडालाही हळद-कुंकू. मी कितीदा म्हटलं, "अहो, ब्रेक दुरुस्त करून घ्या." तर श्रीनिवासराव म्हणायचे, "दगड आहे ना!" लोक 'देव आहे ना' म्हणतात, अगदी त्या सुरात.

गेल्या हिवाळ्यात वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची बंदी केली. वहिनींनी सरळ सांगून टाकलं, "तुमचा पाय ब्रेकवर, मला खाली बसता येत नाही. दगड लावणार कोण? राहू दे ती टेकडी."

शनिवार येत राहिले आणि जात राहिले. श्रीनिवासरावांचा चहा गरम असतानाच संपायला लागला, तेव्हा मला खरी काळजी वाटली. ज्या माणसाला तंद्रीही लागत नाही, त्याचं काहीतरी मोठं हरवलेलं असतं.

मग एका बुधवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, तांबट आळी सोडून अख्खी पेठ आडवी झालेली असताना खाली जॅक वाजला. बघते तर श्रीनिवासराव. पुढच्या चाकांना विटा लावलेल्या, मागची बाजू उचललेली, आणि स्वतः गाडीत गुडघ्यांवर. हँडब्रेकच्या दांड्याखालचं झाकण त्यांनी काढलं होतं. दांडा ओढला तर कट् कट् करत बारा वेळा वाजला आणि छताकडे बघत राहिला. आतली केबल सैल पडली होती. त्यांनी पाना लावून नट आवळला. चार आटे दिल्यावर दांडा खाली असतानाही मागची चाकं जाम झाली. एक आटा मागं घेतला. मग मागं येऊन चाकाला हलकेच हात लावला, आणि चाक फिरू लागलं.

ते फिरतच राहिलं. जाळीतून आलेलं ऊन टायरवरून गोल गोल जात होतं, तांबट आळीतला ठेका चालू होता, आणि श्रीनिवासराव जमिनीवर मांडी घालून बघत होते. कुठे पोचले होते कोण जाणे. टेकडीवर, बहुतेक. चाक थांबलं तरी ते तिथेच. मलाही दोन मिनिटं त्यांना हाक मारावीशी वाटली नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही. शेवटी मीच ओरडले, "श्रीनिवासराव, चाक थांबलंय!" ते दचकून हसले. उठून पुन्हा दांडा ओढला. सहा वेळा कट्, आणि चाक हातानं हलेना.

शनिवारी वहिनी तयार झाल्या, पण पिशवी घेऊन. शिवाय मलाही घेऊन. "तुम्ही चला हो. ह्यांचा काय भरवसा? दगड लावायला कुणीतरी हवं." माझी कंबरही काही पोलादी नाही, पण गेले.

टेकडीचा चढ आला. झाडांमागे आभाळ तांबूस झालं होतं. श्रीनिवासरावांनी गाडी कडेला घेतली, दांडा ओढला, आणि मी मनात सहा मोजले. त्यांनी ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी हलली नाही. वहिनींचा एक हात सवयीनं दारावर, दुसरा पिशवीवर गेलेला.

"उतरू नकोस," ते म्हणाले. "बस."

वहिनी बसल्या. खाली दिवे लागत होते. वहिनींनी विचारलं, "काय केलंत हो?"

"एक नट होता. आवळला."

"किती?"

थाप मारायला ही उत्तम जागा होती. पण श्रीनिवासरावांना थाप सुचत नाही. "तीन आटे," ते म्हणाले.

"एवढंच होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"बावीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं." आमच्या पेठेतल्या पुरुषाच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

वहिनींनी पिशवीतून दगड काढला आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा आता तुम्ही सांभाळा."

श्रीनिवासरावांनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मग दिव्यांकडे नाही, नकाशातल्या कुठल्या नदीकडे नाही, थेट वहिनींकडे बघत ते म्हणाले, "एवढा जड आहे?"