प्रत्येक प्रश्नाला 'हव' म्हणणारा आरोपी

या, असे जवळ येऊन बसा. आणि तो मोबाइल आधी पालथा ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं काय चाललंय ते कालपासून पाहून राहिले आहे मी. आरोपी सकाळी पकडला, दुपारी तुम्ही त्याला फाशी देऊन मोकळे! एकानं तर लिहिलं, "कोर्ट कशाला पाहिजे? सगळं तर क्लिअर आहे." काहून रे, एवढे शिकलेसवरलेले ना तुम्ही? बरं, रागावत नाही. नोकरीतली एक केस सांगते. कुठंही 'फाशी द्या' ऐकलं की ती केस माझ्यापुढं येऊन उभी राहते. नावं मात्र कोणाचीच विचारू नका.

तेव्हा मी इथं छत्तीसगडातच, सिलतऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्याची प्रभारी होते. आजूबाजूला सगळे लोखंडाचे कारखाने. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळपर्यंत करडा होणार, हे ठरलेलं. तीजाचे, म्हणजे आपल्या हरतालिकेचे, दिवस जवळ आले होते. तीजाला लग्न झालेल्या बाईला न्यायला माहेरचं माणूस येतं, नवी साडी घेऊन येतं. ते येईपर्यंत बाई वाट पाहते. आपली आपण माहेरी गेली तर दोन्हीकडे तोंड दाखवायची लाज.

तर असाच एक भाऊ बहिणीला न्यायला आला आणि बहीण घरात नाही. नवरा भट्टीवर काम करणारा, शांत माणूस. तो म्हणाला, शेजारी गेली. थोड्या वेळानं म्हणाला, बाजारात गेली. मग म्हणाला, माहेरी गेली.

"माहेराहून तर मी येऊन राहिलोय!" भाऊ ओरडला आणि साडीची पिशवी घेऊन सरळ ठाण्यात आला.

बाई हरवल्याची नोंद घेतली आणि घर पाहायला गेलो. बाईचा मोबाइल चुलीजवळच्या फळीवर पडलेला. बादलीत नवऱ्याचा गमछा भिजत घातलेला आणि पाणी लाल. शेजारचे काका पुढं होऊन सांगू लागले, "मैंने खुद सुनी मैडम, उसकी आखिरी चीख!" हे काका पाऱ्यातले पुढारी. पारा म्हणजे वस्ती. तिथं नळाला पाणी आलं तरी आधी त्यांना कळायचं.

संध्याकाळी आमच्या मुखबिराचा, म्हणजे खबऱ्याचा, फोन आला. नवऱ्याला त्यानं पहाटे सायकलवर पाहिलं होतं. कॅरिअरला बोरी, म्हणजे पोतं, बांधलेली. बोरी घेऊन तो कारखान्याच्या फाटकातून आत गेला आणि बाहेर आला तेव्हा बोरी नव्हती.

बस! जो तो म्हणू लागला, भट्टीत टाकली. आता गंमत बघा. खुनाच्या केसमध्ये प्रेत सापडलं नाही तर पोलिसाची केस लंगडी पडते. इथं उलटं झालं. प्रेत सापडत नाही म्हणजे भट्टीत जळलं, आणि भट्टीत जळलं म्हणजे यानंच टाकलं. नसलेली गोष्टच पुरावा होऊन बसली. आणि खरं सांगू, मलाही ते पटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला ठाण्यात आणलं आणि बाहेर ही गर्दी! 'फांसी दो'चे फलक, कॅमेरेवाले, आणि फलकाखाली काका. भाऊ पायरीवर बसलेला, मांडीवर साडीची पिशवी. त्याच्याकडे पाहवत नव्हतं. साहेबांचा फोन आला, "मॅडम, कबुली आली का? उद्या सकाळी त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. मी पत्रकार बोलावतो."

कबुली तर आलीच होती. आणि हे छातीठोक सांगते, त्याच्या अंगाला कोणी बोट लावलं नव्हतं. मारायची गरजच पडली नाही. आमचे मुंशीजी, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हवालदार, कागद घेऊन बसले होते आणि तो खाली मान घालून उत्तरं देत होता.

"झगड़ा हुआ था?"

"हव." छत्तीसगडीत हव म्हणजे हो.

"तूने मारा?"

"हव."

"भट्ठी में डाला?"

"हव."

मुंशीजी खूश. मी म्हटलं, थांबा जरा. तीस वर्षांत मी पुष्कळ आरोपी पाहिले. खरं कबूल करणारा माणूस मधेच कुठंतरी अडतो, रडतो, स्वतःची बाजू सांगतो. "तिनंच डोकं फिरवलं माझं," असं काहीतरी म्हणतोच. हा माणूस गुन्हा सांगत नव्हता, आम्ही जे पुढं वाढू ते गिळत होता.

मी खुर्ची ओढली. "लाल साडी थी ना उसकी?"

"हव."

"नहीं रे, हरी थी."

"हव, हरी."

"और पिछले महीने मेरे घर से भैंस चोरी हुई, वो भी तूने ही की?"

"हव, मैडम."

मुंशीजींनी पेन खाली ठेवलं. "मैडम, आपके पास भैंस कब थी?"

"आत्ता चोरीला गेली, मुंशीजी. लिहून घ्या."

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटाही आला. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पण मॅजिस्ट्रेटपुढची चालते. आणि हा बाबा उद्या तिथंही मान हलवून हवच म्हणणार होता. पुढची सगळी गाडी त्या एका शब्दावर धावली असती. बाहेरच्या लोकांना ती जिथं जायला हवी होती, तिथपर्यंत.

त्याच्यासाठी चहा मागवला. विचारलं, "काहून रे, सगळ्याला हव म्हणतो?"

"बाहिर जाहूं त मारहीं मैडम. इहां हव कहे ले कोनो नइ चिल्लावय." बाहेर गेलो तर लोक मारतील, इथं हव म्हटलं की कोणी ओरडत नाही. इतकाच त्याचा हिशेब.

चहा पिताना त्याला घाम आला. तरी डोक्याला बांधलेला गमछा काही तो सोडेना. मी म्हटलं, काढ तो. तर पहिल्यांदाच म्हणाला, "नइ."

बघा आता. खुनाला हव, म्हशीच्या चोरीला हव, आणि गमछा काढायला नाही! मुंशीजींनी हळूच गाठ सोडली. कपाळाच्या वर, केसांत, चांगली मोठी खोक. रक्त वाळलेलं.

"हे काय?"

त्यानं गमछा पुन्हा कपाळावर ओढला.

"पडलास?"

"हव."

"की कोणी मारलं?"

हव नाही, नइ नाही. कान मात्र लाल झाले. मग भिंतीकडे तोंड करून पुटपुटला, "लोटा फेंक के मारिस."

"कोणी?"

"उही."

म्हणजे तिनंच! मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो म्हणाला होता, यंदा तीजाला जाऊ नको, माझं जेवण कोण करेल? त्यावर तिनं पाण्याचा लोटा उचलून फेकला आणि पाय आपटत निघून गेली. मोबाइल तसाच राहिला. बादलीतल्या गमछ्यावरचं रक्त याचंच. आणि बोरी? बोरीत राशनचा तांदूळ होता. कँटीनच्या स्वयंपाक्याला देऊन यानं आपल्या जेवणाची सोय लावली होती.

"अरे मग सांगितलं काहून नाही?"

"पारा भर हांसही, मैडम."

वस्ती हसेल! बायकोनं मारलं म्हणून लोक हसतील, त्यापेक्षा बायकोला मारलं म्हणून लोकांनी फासावर चढवलेलं या शहाण्याला चालणार होतं. मुंशीजी उठून व्हरांड्यात गेले. मला वाटलं राग आला असेल. बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

"गेली कुठं असेल ती?"

"भोजली घर."

हे तुम्हाला सांगायला पाहिजे. इथं दोन मैत्रिणी भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाचे, कोवळे कोंब एकमेकींच्या कानात खोचतात आणि जन्माच्या सख्या होतात. पुढं कधी एकमेकींचं नाव घेत नाहीत, भोजली म्हणूनच हाक मारतात. भाऊ न्यायला आल्याशिवाय माहेरी जाता येत नाही, नवऱ्याचं तोंड पाहायचं नाही, मग रुसलेली बाई जाणार कुठं? आम्ही नातेवाइकांची सगळी घरं पालथी घातली, पण भोजलीचं घर कोणी नात्यात धरलंच नव्हतं.

जीप काढली. अभनपूरच्या पलीकडचं गाव. अंगणात दोन बाया कारली चिरत बसलेल्या, गप्पांना ऊत आलेला. मी नवऱ्याचं नाव सांगून विचारलं, "इसकी घरवाली कौन?"

"मैं. का होगे?"

"बाई, तुम्हारा खून हो गया है."

"मोर खून?" हातातलं कारलं तसंच. "कोन करिस?"

"तुम्हारे आदमी ने. कबूल भी कर लिया."

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, अशा हसल्या! "ओखर ले त कुकरी घलो नइ मरय, मैडम!" त्याच्याच्यानं कोंबडीसुद्धा मरत नाही. पण पदर मात्र तिनं लगेच खोचला आणि आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली. वाटेत दोनदा विचारलं, "मारे-पीटे त नइ हव ओला?" त्याला मारलं तर नाही ना?

ठाण्यापुढं जीप थांबली तेव्हा घोषणा रंगात आल्या होत्या. ती उतरली. एकेक आवाज बंद पडत गेला. काका मात्र पाठमोरे होते, ते एकटेच 'फांसी दो' म्हणत राहिले. तिनं मागून त्यांच्या खांद्यावर बोट टोचलं.

"कस कका, तैं मोर चीख सुने रहे?" काय काका, माझी किंकाळी तुम्ही ऐकली होती ना?

काका दोन पावलं मागं सरकले.

"चीख मोर नो हे. ओखर रहिस!" ती किंकाळी माझी नव्हती, त्याची होती!

गर्दी कशी विरली ते कळलंही नाही. फलक तिथंच पडून राहिले. कोणी माफी मागितली नाही, मागत नसतात. भाऊ रडत उठला, आधी बहिणीला जवळ घेतलं, मग तिच्यावर ओरडला, मग साडी हातात दिली. आत तिला पाहून नवऱ्याचा पहिला प्रश्न काय असावा? "लोटा वाला बात बता देस का?" लोट्याची गोष्ट सांगून टाकलीस का?

साहेबांनी फोनवर विचारलं, "मॅडम, आता पत्रकारांना काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, मयत स्वतः माहिती द्यायला तयार आहे.

आता फाशी असावी की नसावी, यावर मोठे लोक भांडतात, त्यांना भांडू द्या. मीही असे गुन्हे पाहिले आहेत की रात्री झोप लागली नाही आणि मनात आलं, या माणसाला जगायचा हक्क नाही. ती चीड मी खोटी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून 'नक्की' हा शब्द ऐकला की मी कान टवकारते. आमच्याकडे साक्षीदार होता, रक्त होतं, खबर होती, कबुली होती. सगळं नक्की होतं. फक्त खून नव्हता. त्या दिवशी आमची चूक दोन पायांवर चालत ठाण्यात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दर वेळी ती अशी चालत येत नाही. मेलेलं माणूस खरंच मेलेलं असतं, आणि चुकीचा माणूस धरला असेल तर ते सांगायला कोणी जीपमधून उतरत नाही. तुरुंगाचं दार पुन्हा उघडता येतं. तेवढं एक दार हाताशी असावं, असं मला वाटतं.

तुम्हाला पटलं नसेल तर ग्रुपवर लिहू नका, घरी या. मी तेलीबांध्यात, आपल्या तळ्याकडच्या इमारतीतच असते आणि वाद घालायला मला फार आवडतं. या आठवड्यातच आलात तर उत्तम. तीजा झाला की ती बाई दरवर्षी डबा भरून ठेठरी-खुरमी, म्हणजे इथला सणाचा फराळ, घेऊन येते, नवरा मागं पिशवी धरून उभा. या लवकर. खून झालेल्या बाईच्या हातचं एकदा खाऊन बघा, मग बोलू.