मेमरी कोणी खाल्ली

मी त्याला मारलं ते लोखंडी स्टिकनं. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवताना कंपोझिटर डाव्या हातात धरतात ती. वीतभर असते, पण वजन असतं तिला. आधी थोबाडीत दिली, तो खुर्चीवरून पडला. उठायला लागला तेव्हा टेबलावरची स्टिक उचलली. डाव्या कानावर बसली. रक्त कीबोर्डवर उडालं आणि मला पहिली काळजी वाटली ती कीबोर्डची. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इतवारीतल्या एका छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि कोर्स केलेला म्हणून मी त्याचा इनचार्ज झालो. तो तिथला जुना कंपोझिटर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मालकानं त्याला सांगितलं, मशीन शिक नाहीतर घरी बस. तो शिकला. दोन महिन्यांत माझ्यापेक्षा भरभर टाइप करायला लागला. ते मला आवडलं नव्हतं, हेही आता लिहून टाकतो. तिथं हात उठणं नवं नव्हतं. छपाईयंत्र चालवणाऱ्या मशीनमनला मालक लाथेनं हाक मारायचा.

एका प्राध्यापकाचा मराठी प्रबंध आमच्याकडे होता. टाइप झालेला, फक्त दुरुस्त्या राहिलेल्या. कंपोझिटर पहिल्या पानापासून दुरुस्त्यांना लागला. एक पान दुरुस्त केलं की फाइल सेव्ह, एडिटर म्हणजे टाइप करायचा प्रोग्राम बंद, मग पुन्हा उघडायचा.

"काहून दर पानाले बंद करता जी?" मी हसलो.

"पान बांधल्याशिवाय जीव लागत नाही सर. सुटं ठेवलं का सांडते."

खिळ्यांचं पान जुळवून झालं की दोरीनं आवळून बाजूला ठेवतात. वीस वर्षं त्यानं तेच केलं होतं.

दुपारी त्यानं आतून हाक दिली. "सर, खाली इंग्रजीत काहीतरी येऊन राहिलं."

मी मालकासोबत चहा पीत होतो. "एंटर मारा ना जी, चला पुढं."

त्यानं मारला. दुपारभर मारत राहिला.

संध्याकाळी प्रिंट काढायला घेतली तर शेवटची दोन प्रकरणं नव्हतीच. फ्लॉपीवरची कॉपीही तशीच, कारण दर वेळी तो तिच्यावरही सेव्ह करत होता. प्राध्यापक ओरडत होता, मालक माझ्याकडे पाहत होता. मी आत गेलो.

"कुठं गेले पानं? काय केलं बे तू?" त्याला तू म्हणायची ती पहिलीच वेळ.

"मी काहीच नाही पुसलं सर. आईची शपथ."

मग ते झालं. मालकानं येऊन पडलेल्याच्या बरगडीत दोन लाथा घातल्या. "उद्यापासून दिसला तं पाय तोडीन." तो कान दाबून भिंतीच्या आधारानं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधायला बसलो. मशीन नव्यानं चालू केलं, किती मेमरी मोकळी आहे ते पाहिलं. एडिटर उघडून बंद केला, परत पाहिलं. कमी. पुन्हा उघडून बंद. आणखी कमी. दर वेळी तेवढाच लचका.

मराठी अक्षरांचा प्रोग्राम एडिटरच्या आधी, दिवसातून एकदाच चढवायचा असतो. ऑपरेटर विसरतात म्हणून ती ओळ मीच एडिटर उघडायच्या कमांडमध्ये घातली होती. त्यामुळे एडिटर जितक्यांदा उघडला, तितक्यांदा अक्षरांची एकेक नवी प्रत मेमरीत बसली, आणि बसली ती उठली नाही. जागा संपल्यावर एडिटरनं फाइलचा मावेल तेवढाच भाग आत घेतला आणि तसं इंग्रजीत सांगितलं. एंटर मारणं म्हणजे त्याला 'चालेल' म्हणणं. सेव्ह केलं की उरलेली पानं गेली. मी सकाळी उघडून संध्याकाळी बंद करायचो, माझ्या हातून हे कधीच दिसलं नसतं.

ओळ काढली. दोन मिनिटं लागली. मालकानं विचारलं, "समजलं काय?"

"हो. दर पानाले बंद करत होता तो."

यात खोटं काहीच नव्हतं. गेलेली प्रकरणं मी हस्तलिखितावरून पुन्हा टाइप केली. मालकानं पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी तो मागच्या दाराशी आला. कानात कापूस, जबडा काळानिळा. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटर येऊन राहिला सर. थे बोलावतात मले. एवढंच सांगा, माह्यं काय चुकलं? तिथं पुन्हा नको व्हायले."

उजवा कान माझ्याकडे करून तो उभा होता. तेव्हाही सांगता आलं असतं. त्याला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "दर पानाले बंद करत होते तुम्ही. तुमच्या हाताले हे मशीन नाही जमत."

"असं काय." त्यानं मान हलवली. "मंग नाही जात तिथं."

तो वळून गल्लीतून चालू लागला. मालानं भरलेला हातठेला त्याच्या मागून येत होता. ठेलेवाला डावीकडून "बाजू, बाजू" ओरडत होता. त्याला ते ऐकूच गेलं नाही. दांडा पाठीत बसला, तो गुडघ्यावर पडला, ठेलेवाल्यानं वरून शिवी घातली. त्यानं ठेलेवाल्यालाच हात जोडले, उठला आणि गेला.

मी दारातच होतो. उचलायला गेलो नाही.