पान क्रमांक एक्केचाळीस

मी घरी बसून काम करतो. हे वाक्य नांदेडात उच्चारलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे दयेनं बघतो आणि विषय बदलतो. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनीअर झालो, कंपनी बरी आहे, पण भर दुपारी बर्म्युडा घालून दूध आणायला निघालेला माणूस नोकरीला असेल, यावर आमच्या गल्लीचा विश्वास नाही.

मग कळलं की युरोपातल्या एका समुद्राकाठच्या देशात माझ्यासारख्या घरबशांसाठी खास व्हिसा मिळतो. नोकरी हीच, कंपनी हीच, फक्त बसायची जागा तिकडची. घरी बसायचंच तर समुद्राकाठी का बसू नये, असा थोर विचार करून मी अर्ज करायच्या आधीच साऱ्या गल्लीला सांगून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात तो प्रकार. पण दुसऱ्या दिवसापासून लोक मला आपणहून नमस्कार करू लागले. बर्म्युडा तीच होती.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. अण्णा बिलोलीच्या तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यापासून लातूरच्या घरी एकटेच राहतात. नांदेडहून लातूर म्हणजे एसटीनं फार तर साडेतीन तास. पण मी क्वचितच जायचो. "तिकडं नेट चालत नाही, अण्णा," हे कारण एकदा चाललं, म्हणून मी ते पुढे कधी बदललं नाही.

परदेशाचं ऐकून अण्णांनी एकच विचारलं, "कागदं कोणकोणती लागतात?"

मी यादी पाठवली आणि कंपनीचं पत्रही पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. "विंग्रजीत लई फिरवून लिव्हलंय. मतलब काय त्याचा?"

"जगात कुठूनही काम करता येतं, असं लिहिलंय," मी छाती फुगवून सांगितलं. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

पंधरा दिवसांनी लातूरहून फाईल आली. यादीत कागद आठ होते, फाईलीत पानं चौसष्ट. लाल शाईनं घातलेले पानांचे आकडे, पुढे अनुक्रमणिका, पानोपानी सत्यप्रतीचा शिक्का, तलाठ्याचा रहिवासी दाखला, माझं लहानपणी लस टोचल्याचं कार्ड, सगळं काही एका टॅगमध्ये ओवलेलं. सगळ्यात वर अण्णांच्या वळणदार अक्षरातली टिपणी, म्हणजे साहेबापुढे फाईल ठेवताना कारकून लिहितो ती. मी पोट धरून हसलो. फाईलीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, मित्रांनाही हसवलं. वाचलं मात्र एक पान नाही.

"फाईल हाय तशी दे," अण्णांनी बजावलं होतं. "कागद कमी पडला तर साहेब माघारी लावतो. जास्ती झाला तर कोणी रागवत न्हाई."

मुंबईत व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागे एक मराठी बाई होत्या. त्यांनी टॅग सोडला, हवे ते आठ कागद काढून घेतले आणि उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सरकवताना एका पानावर थांबल्या. "हे नेटचं बिल कशाला जोडलंत? पत्ता लातूरचा आहे. तुम्ही नांदेडला राहता ना?"

"वडील जुने कारकून आहेत," मी डोळे मिचकावत म्हणालो. "फाईल जाड करायची सवय."

बाई हसल्या नाहीत. वरचा कागद वेगळा काढून, वाचून म्हणाल्या, "ही टिपणी तुमच्याकडेच ठेवा. आमच्या साहेबांना मराठी येत नाही. तुम्ही मात्र वाचा."

बाहेर जिन्यात उभा राहून वाचली.

"अर्जदार हा निम्नस्वाक्षरीकाराचा एकुलता एक मुलगा असून वर्तणूक चांगली आहे. मागील दोन वर्षांत अर्जदार लातूर येथे तीन वेळा आला. नेट चालत नाही, असे कारण त्याने वेळोवेळी कळविले आहे. सबब घरी नेटची जोडणी घेण्यात आली असून ती मागील दिवाळीपासून चालू आहे (पान ४१ पहावे). कंपनीच्या पत्रानुसार (पान ७) अर्जदारास जगात कोठूनही काम करता येते. त्यात लातूरचा समावेश आहे किंवा कसे, याचा उल्लेख आढळून येत नाही. तथापि अर्जदाराची इच्छा विचारात घेता, त्याच्या जाण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही. आदेशार्थ सादर."

गुढीपाडव्याला मी अर्धा दिवस लातूरच्या घरी गेलो होतो. टीव्हीमागे एक हिरवा दिवा लुकलुकत होता. मी तो पाहिला होता आणि विचारलं नव्हतं. जेवण होताच, नेट नाही म्हणत दुपारची गाडी पकडली होती. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. कारकून माणूस, तोंडी काही सांगायचा नाही. जे काय ते लेखी.

मला माझीच लाज वाटली. जिन्यातूनच फोन लावला.

"अण्णा, टिपणी वाचली."

"ती साहेबासाठी व्हती. तू कशाला वाचलीस?"

"साहेबानं परत केली."

"काऊन? त्रुटी निघाली का?"

"हाव," मी म्हणालो. "खुलासा मागितलाय. अर्जदारानं समक्ष हजर राहायचंय."

"कुठं?"

"लातूरला."

तिकडून पुन्हा बराच वेळ आवाज आला नाही. रेंज गेलेली नव्हती.

"ये," अण्णा म्हणाले. "येताना तुझा कॉम्प्युटर आण. पासवर्ड भिंतीवर लिव्हून ठिवलाय."